आवाज मॅडमचा, तोंड टिटवीचं

औषधाच्या दुकानात घशाच्या गोळ्या घ्यायला टिटवी रांगेत उभी होती, आणि मागून तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

तिनं तोंड उघडलं नव्हतं. ओठ मिटलेलेच आहेत ना, हे तिनं बोट लावून पाहिलंसुद्धा. घाबरलेलं माणूस काय वाटेल ते करतं. आवाज मागच्या बाईच्या फोनमधून येत होता. "नमस्कार, मी स्वतः बोलतेय. ओळखलंत ना मला? तुमचं नाव निघालंय बरं का. आता मी सांगते तेवढंच करायचं, कुणाला काही बोलायचं नाही." मागची बाई हरखून गेली होती. शेजारणीला कोपरानं ढोसत म्हणत होती, "अगं, मॅडम! खुद्द मॅडमचा फोन."

 तो आवाज तिचा होता, त्यातला 'बरं का' तिचा होता, शेवटच्या शब्दावर किंचित खाली उतरायची सवय तिची होती. फक्त ती वाक्यं तिनं जन्मात कधी म्हटलेली नव्हती. गोळ्या न घेताच ती दुकानातून बाहेर पडली आणि घरी येईपर्यंत कुणाशी एक शब्द बोलली नाही. उगाच कुणी मान वळवून बघायला नको.

आता हे नीट उलगडून सांगायला हवं. मॅडम म्हणजे सिनेमातल्या मॅडम. चेहरा असा की भिंतीवरचं पोस्टर बघायलासुद्धा माणसं थांबावीत. पण आवाज देताना देवानं हात आखडता घेतला होता. फाटका, बसका, चिडलेल्या कोंबड्यासारखा. पहिल्याच सिनेमाच्या वेळी निर्मात्यानं कपाळाला हात लावला आणि कुणीतरी टिटवीला बोलावून आणलं. तेव्हापासून मॅडमनी पडद्यावर ओठ हलवायचे आणि टिटवीनं काचेमागच्या खोलीत, माईकसमोर उभं राहून बोलायचं, हे असंच चाललं होतं. सिनेमे झाले, साबणाच्या नि तेलाच्या जाहिराती झाल्या. समारंभाला गेल्या की मॅडम नुसत्या हसायच्या, हात हलवायच्या, आणि लोक म्हणायचे, बघा किती शालीन, एक शब्द जास्त बोलत नाही बाई. टिटवीनं मात्र पहिल्या दिवसापासून अळीमिळी गुपचिळी पाळायची, असं ठरलेलं. भाजी घेताना कुणी म्हटलंच, "तुमचा आवाज अगदी मॅडमसारखा आहे हो," तर ती म्हणायची, "हो, बरेच जण म्हणतात." आणि वर कोथिंबीर मागून घ्यायची.

टिटवी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ही कार्टी इतकी ओरडायची की आईनं वैतागून तिला टिटवी म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव स्टुडिओतसुद्धा तिच्या मागोमाग आलं.

आई आता दुसऱ्या गावी वृद्धाश्रमात होती. साखरेनं तिचे डोळे नेले होते, आणि हल्ली आठवणही अधूनमधून घसरायची. टिटवीचा नवरा फार वर्षांपूर्वी भांडून निघून गेलेला, ती दिवसभर स्टुडिओत, आणि एकट्या आंधळ्या बाईला घरात गॅसच्या सोबतीनं ठेवायचं कसं? आईनंच एक दिवस म्हटलं, "मला चार बायकांत नेऊन ठेव गं, निदान भांडायला कुणी असेल." तिथं आईचं सगळं बरं चाललं होतं. एकच हट्ट. रोज सकाळी इन्सुलिनची सुई टोचायची, ती आई दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून टोचून घ्यायची नाही. कोण काय टोचेल, कुणी सांगावं? दिसत तर नाही. मग रोज सकाळी टिटवीनं फोन करायचा, मेट्रननं तो आईच्या कानाला लावायचा, आणि टिटवीनं म्हणायचं, "आई, मी बोलतेय. हात पुढे कर. ऐकतेस ना?" आई म्हणायची, "ऐकते गं बाई, बहिरी नाही झाले अजून," आणि हात पुढे करायची. झालं. तेवढ्या एका आवाजावर ती बाई जगत होती, असं म्हटलं तरी चालेल.

तर औषधाच्या दुकानातल्या त्या प्रसंगानंतर दोनचार दिवसांतच मॅडमच्या वकीलबाईंचा निरोप आला. भेटायला या.

वकीलबाईंचं ऑफिस थंडगार होतं आणि खुर्ची इतकी मऊ की माणूस बसल्यावर खालीच जातो. टिटवी टोकावर बसली. वकीलबाईंनी पाणी दिलं, हसून घराची चौकशी केली, आणि मग म्हणाल्या, "कुणीतरी मशीनला मॅडमचा आवाज शिकवलाय. त्या आवाजात लोकांना फोन जातायत. बक्षीस लागलंय म्हणून सांगतात नि फसवतात. आपण कोर्टात गेलो. कोर्टानं हुकूम दिला. मॅडमचं नाव, चेहरा, सही, हसायची लकब आणि आवाज, यातलं काहीही त्यांच्या परवानगीशिवाय कुणी वापरायचं नाही."

"आवाजसुद्धा?" टिटवीनं विचारलं.

"आवाज तर पहिला. लोक आवाजालाच भुलतात ना."

टिटवीच्या ओठांवर आलं होतं, की अहो पण आवाज तर माझा आहे. आलं आणि तिथंच थिजलं. कारण वकीलबाई पुढे म्हणाल्या, आणि अगदी सहज, टेबलावरची पेन्सिल सरळ ठेवत म्हणाल्या, "पोलीस विचारतायत, इतका हुबेहूब आवाज मशीनशिवाय दुसऱ्या कुणाला काढता येईल का. आम्ही अजून त्यांना काही सांगितलेलं नाही."

पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते टिटवीला त्या मऊ खुर्चीत कळलं. फसवणुकीचे ते फोन, त्यातला आवाज, आणि जगात तो आवाज असलेली एकच बाई. मशीनच्या हातात बेड्या घालता येत नाहीत. तिच्या हातात येतात. आणि ती आत गेली तर सकाळी फोन कोण करणार?

"मी काही केलेलं नाही हो," ती म्हणाली.

"माहीत आहे आम्हाला. म्हणून तर बोलावलं." वकीलबाईंनी कागद पुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं की हा आवाज मॅडमच्या व्यक्तिमत्त्वाचा भाग आहे, त्यावर माझा कसलाही हक्क नाही, आणि मॅडमच्या कामाखेरीज मी तो कुठेही वापरणार नाही. "एवढी सही करा. म्हणजे तुम्ही आमचं माणूस. मग पोलिसांना काय सांगायचं ते आम्ही बघतो. आणि एक छोटंसं काम आहे. कोर्टानं सांगितलंय, लोकांना सावध करा. तेव्हा रेडिओ-टीव्हीवर मॅडमच्या आवाजात एक सूचना द्यायचीय."

"मॅडमच्या आवाजात," टिटवी म्हणाली.

"हो. म्हणजे तुमच्या." वकीलबाई पहिल्यांदाच जराशा ओशाळल्या. "तुम्हाला कळतंय मला काय म्हणायचंय ते."

इकडे आड, तिकडे विहीर. टिटवीनं पेन हातात घेतलं. मग एकदम काहीतरी सुचून तिनं मान वर केली. "आईशी मी रोज फोनवर बोलते. ते चालेल ना?"

वकीलबाई मोकळेपणानं हसल्या. वाईट बाई नव्हती ती. "अहो, आईशी बोलायला कुठलं कोर्ट अडवणार? हा कायदा बाजारासाठी आहे, घरासाठी नाही." टिटवीला इतकं हायसं वाटलं की तिनं सही करून टाकली, आणि वर आभारही मानले.

रेकॉर्डिंग दुसऱ्याच दिवशी होतं. रेकॉर्डिस्ट काका नेहमीचेच. टिटवी अगदी नवखी असताना त्यांनीच तिला माईकसमोर उभं राहायला शिकवलं होतं. ते म्हणायचे, "हजार माणसांशी बोलायला गेलीस तर एकालाही ऐकू जायचं नाही. एक माणूस समोर धर नि त्याच्याशी बोल. कोण ते मला सांगू नकोस." प्रत्येक कलाकाराचा असा एक माणूस असतो. कुणाची बायको, कुणाचा मेलेला मित्र, एकाचा तर म्हणे कुत्रा होता. टिटवीची आई होती. आजवर मॅडम पडद्यावर जे जे बोलल्या, ते टिटवी आईशीच बोलली होती. नायकाच्या गळ्यात पडून म्हटलेलं "तुझ्याशिवाय मी कशी जगू" हेसुद्धा. आईला ते ठाऊक होतं. डोळे गेल्यापासून ती सिनेमा नुसता ऐकायची. आश्रमातल्या बायका मॅडम, मॅडम करायच्या, आणि म्हातारी पदराआड हसायची. गुपित तिनंही राखलं होतं, पण मनाशी ती म्हणायची, बोलते बघा माझी टिटवी.

त्या दिवशी काचेपलीकडे काकांच्या शेजारी वकीलबाई बसल्या होत्या, आणि जाहिरात कंपनीतली एक चुणचुणीत पोरगी. कागदावर लिहिलेलं साधंच होतं. माझ्या आवाजात तुम्हाला फोन आला तर ती मी नाही. ती तुमचं नाव सांगेल, घरातल्या गोष्टी सांगेल, रडेलसुद्धा. विश्वास ठेवू नका. फोन ठेवून द्या.

टिटवीनं वाचलं. पोरगी म्हणाली, "सरकारी वाटतंय हो. पाणी येणार नाही, नळ बंद ठेवा, तसं." परत वाचलं. परत तेच.  हे नीट झालं नाही तर आपण मुद्दामच नीट करत नाही असं यांना वाटेल, आणि मग पोलिसांना काय सांगतील कोण जाणे. काकांचा आवाज कानातल्या हेडफोनमध्ये आला, "टिटवे, कागद ठेव खाली. डोळे मीट. एकाच माणसाशी."

तिनं डोळे मिटले. आईला समोर धरलं. आणि बोलली.

"अगं, ऐक. माझ्या आवाजात तुला फोन आला ना, तर ती मी नाही. ती तुला तुझं नाव सांगेल, घरातल्या सगळ्या गोष्टी सांगेल, रडेलसुद्धा. कितीही रडली तरी विश्वास ठेवू नकोस. तू फोन ठेवून दे. ऐकतेस ना?"

 काचेपलीकडे पोरगीनं टाळी वाजवली. "हेच पाहिजे होतं. तुम्हीचं तू केलंत, किती घरगुती झालं! अंगावर काटा आला माझ्या."

काटा टिटवीच्याही अंगावर आला होता. तुम्हीचं तू झालं होतं हे तिला पोरगी बोलली तेव्हा कळलं. आपण हे नक्की कुणाला सांगितलं? "काका, एकदा परत करू या का?" तिनं विचारलं. पण वकीलबाई पर्स उचलून उठल्याच होत्या, "छान, छान" म्हणत होत्या, आणि परत करायचं का तर काय कारण सांगायचं, हे टिटवीला सुचेना. जाऊ दे, ती मनाशी म्हणाली. आईला काय, रोज बोलतो आपण तिच्याशी. असं म्हणून ती हेडफोन काढून बाहेर आली.

सूचना सकाळ-संध्याकाळ वाजू लागली. रिक्षात वाजायची, वाण्याच्या दुकानात वाजायची, दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या माणसांच्या डोक्यावर वाजायची. टिटवी जिथं जाईल तिथं टिटवी तिला सांगायची, ती मी नाही.

पहिले दोन दिवस सकाळचा फोन नीट झाला. फक्त आईनं 'बहिरी नाही झाले' म्हटलं नाही, हात मुकाट्यानं पुढे केला, असं मेट्रनबाई म्हणाल्या. तिसऱ्या सकाळी टिटवी म्हणाली, "आई, मी बोलतेय," आणि पलीकडे श्वास थांबल्यासारखा झाला.

"आई? हात पुढे कर. ऐकतेस ना?"

"मी ऐकलंय सगळं," आई म्हणाली. अगदी हळू, दार लावून घेणाऱ्या माणसासारखं. "माझ्या लेकीनं सांगून ठेवलंय मला." आणि फोन बंद झाला.

टिटवीनं परत लावला. मेट्रनबाईंनी उचलला. "आजी ऐकत नाहीत हो. म्हणतात ती बाई आहे, ती फोन करणारी. सुई पण टोचून घेईनात. हात पोटाशी धरून बसल्यात." मागे आईचा आवाज येत होता, ठेवा, ठेवा तो फोन, त्यातून तिला ऐकू जाईल.

संध्याकाळी टिटवीनं परत प्रयत्न केला. या वेळी तिनं पुरावा द्यायचा ठरवला. घाईघाईनं बोलत सुटली, की आई, तू मला टिटवी म्हणतेस, तुझ्या डाव्या गुडघ्यावर भाजल्याचा डाग आहे, बाबा गेले तेव्हा तू तीन दिवस रेडिओ बंद ठेवला होतास, आई, मीच आहे गं. आणि बोलता बोलता तिला रडू फुटलं.

पलीकडे आईसुद्धा रडत होती. "घरातलं सगळं सांगतेय," ती मेट्रनबाईंना म्हणत होती. "आणि रडतेय पण. तिनं सांगितलं होतं अगदी तस्संच करतेय हो ही." फोन बंद झाला.

 मी तिला एकेक दार दाखवलं आणि माझ्याच हातानं बंद करून घ्यायला शिकवलं, हे टिटवीच्या लक्षात आलं तेव्हा ती स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली.

सकाळी उठून तिनं वकीलबाईंना फोन केला. सूचना बंद करा म्हणाली. वकीलबाईंना खरंच वाईट वाटलं, पण सूचना कोर्टाच्या हुकमानं चाललेली, ती मध्येच कशी थांबवायची? आणि थांबवायची तर कारण काय द्यायचं? कुणाच्या आईनं कुणाचा आवाज ओळखला म्हणून? "तुम्ही सही केलीय," त्या म्हणाल्या. "आवाज मॅडमचा आहे. मॅडमनी म्हटलं तर बघू."

म्हणून ती मॅडमच्या घरी गेली. इतक्या वर्षांत दुसऱ्यांदा. मॅडम मेकअपशिवाय खिडकीशी बसल्या होत्या, पडदा ओढलेला. टिटवीनं सगळं सांगितलं. सांगताना तिला जाणवलं की मॅडमचे ओठ हलतायत. सवय. ती बोलली की त्यांचे ओठ हलायचे.

"मला सुद्धा येतात ते फोन," मॅडम म्हणाल्या, त्या फाटक्या आवाजात. "माझ्याच नोकराच्या फोनवर माझाच फोन आला. तो मला म्हणाला, मॅडम, तुम्ही तर इथं बसलायत. मी घाबरून नुसती त्याच्याकडे बघत बसले."

"ती सूचना बंद करा, मॅडम. माझी आई मरेल."

"बंद करून काय होणार? ऐकलंय ना तिनं." मॅडमनी पडदा आणखी ओढला. "मी स्वतः रेडिओवर जाऊन बोलले तर होईल बंद. माझ्या आवाजात. मग लोक विचारतील, ही कोण? चेहरा उतरत चाललाय माझा, दिसतं मला आरशात. उरला होता आवाज, तो तुझ्या घशात. मी काय देऊ तुला?" त्यांना रडू येत होतं, आणि रडण्याचाही आवाज येऊ नये म्हणून त्यांनी हात तोंडावर घट्ट दाबला होता. इतकी नावाजलेली बाई, तिच्यात नि आपल्यात भीतीचा काडीचा फरक नाही, हे टिटवीला दिसलं. पण त्याचा तिला काही उपयोग नव्हता. चोरी झालेल्या दोघी एकमेकींच्या घरी दिवा मागायला गेल्या, तर मिळणार काय? मॅडम म्हणाल्या, "जा तिच्याकडे. समोर उभी राहा. आई आहे, ओळखेल."

तेवढ्यात मेट्रनबाईंचा फोन आलाच. साखर फार वाढलीय, आजी ग्लानीत जातायत, धरून टोचायला गेलो तर एवढ्या ओरडल्या की छातीत काही व्हायचं म्हणून डॉक्टरांनीच थांबवलं. तुम्ही या.

बसमध्ये ड्रायव्हरनं रेडिओ लावला होता. टिटवीनं सगळा रस्ता कानांवर हात दाबून काढला. शेजारच्या बाईनं विचारलं, "डोकं दुखतंय का?" टिटवीनं नुसती मान हलवली.

आश्रमाची खोली स्वच्छ होती. लोखंडी खाट, उशाशी पाण्याचा तांब्या, भिंतीला खिळ्यावर टांगलेला छोटा रेडिओ. आई भिंतीकडे सरकून बसली होती. दोनचार दिवसांत तिचे गाल आत गेले होते, ओठ सुकून चिरले होते. टिटवीला वाटलं, आता हाक मारली की संपलं सगळं. समोर आहे मी. फोन नाही, मशीन नाही, काही नाही.

"आई," ती म्हणाली.

म्हातारीच्या तोंडचं पाणी पळालं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून ती पुटपुटली, "मेट्रनबाई, ती आत आलीय."

"आजी, अहो तुमची मुलगी आहे. खरंच आहे. मी बघतेय ना," मेट्रनबाई म्हणाल्या.

"तुम्ही पण फसलात," आई म्हणाली.

टिटवीनं पुढे होऊन तिचा हात धरला. क्षणभर, अगदी क्षणभर, आईची बोटं तिच्या बोटांवर फिरली, नखांवर, अंगठीवर. मग चटका बसल्यासारखा हात मागे गेला. "हात सुद्धा तिच्यासारखाच केलाय हिनं," आई म्हणाली, आणि तिचं सगळं अंग लटलटा कापायला लागलं.

टिटवी बाहेर आली. व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून उभी राहिली. आयुष्यात तिला खूपदा भीती वाटली होती, पण आपलीच आई आपल्याला भिते ही भीती वेगळी होती. तिच्यावर उतारा नव्हता. आत डॉक्टर येऊन गेले. बाहेर येताना म्हणाले, आत्ता अर्ध्या तासात सुई गेली नाही तर मोठ्या दवाखान्यात हलवायला लागेल, आणि हलवताना काय होईल ते सांगता येत नाही. समजावायला कुणी असेल तर बघा.

टिटवीनं डोळे पुसले. मेट्रनबाईंकडून रबरी हातमोजे मागून घेतले. अंगठी काढून पर्समध्ये टाकली, चपला काढल्या, कारण आंधळ्या माणसाला चाल ओळखू येते. मग दाराशी उभी राहिली आणि नरड्यात कुठंतरी खाली, जिथं ती धंद्यात कामवाल्या बायका, खाष्ट शेजारणी नि पोलिसणी ठेवायची, तिथून एक आवाज काढला. जाड, जरासा चिरका, नाकातला.

"कुठाय आजी? मी नवीन बाई आले. कामावर आजच लागलेय."

आईची मान वळली. "ती गेली का?"

"कोण ती? इथं कुणी नाही. मी नि मेट्रनबाई." टिटवी खाटेशी गेली.  "सुई टोचायचीय तुम्हाला. तुमच्या लेकीनं सांगितलंय मला."

"फोनवर सांगितलं?" आईनं लगेच विचारलं.

"छे. भेटली होती समोर. स्टुडिओत. म्हणाली, माझ्या आईला म्हणावं हात पुढे कर."

आई विचार करत बसली. मेट्रनबाईंनी इंजेक्शन भरून टिटवीच्या हातात दिलं. मग म्हातारीनं पांघरुणातून हात काढला, हळूहळू, आणि पुढे केला. टिटवीनं दंड धरला, मघाशी व्हरांड्यात मेट्रनबाईंनी शिकवला होता तसा, आणि सुई टोचली. आई जरासुद्धा हलली नाही.

"तुझा हात हलका आहे गं," ती म्हणाली. "रोज येशील का?"

"येईन की."

"कशी दिसली माझी पोरगी? वाळली असेल. खात नाही नीट." टिटवीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या जाड आवाजाखाली दुसरा आवाज धडका मारत होता, तो वर आला असता. आईनं उत्तराची वाट पाहिली नाही. तिला बोलायचंच होतं. "तिला एक निरोप सांगशील? फोनवर नको. भेटली की सांग. म्हणावं, ती बया रोज फोन करते. हुबेहूब तुझ्यासारखी बोलते. परवा तर अशी रडली, अशी रडली, की माझं आतडं तुटलं. वाटलं, एकदा हो म्हणावं तिला. पोटच्या पोरीसारखं रडतं कुणी, तर कसं ठेवायचं गं खाली? पण मी ठेवलं. तिनं सांगितलंय ना. सांग तिला, तुझी आई एकदाही फसली नाही."

मेट्रनबाई तोंड फिरवून खिडकीशी गेल्या. टिटवीनं कापसाचा बोळा आईच्या दंडावर दाबून धरला होता. रक्त केव्हाच थांबलं होतं, पण तिनं बोट काढलं नाही.

"सांगशील ना?" आईनं विचारलं.

"सांगते, आजी," टिटवी म्हणाली.